पालाचं कापड

१६ फेब्रुवारी

तंबू आला. लेक संस्कृतीनं बेंगळुरूहून पाठवलेला. ज्ञानेश बारामतीत कुरिअरच्या ऑफिसातून घेऊन आले. परातीएवढी गोल चपटी पिशवी. अंगणात तिची चेन उघडली तसा तंबू आतून एवढ्या जोरात उसळला, की ज्ञानेशांचा चष्मा वांग्यांच्या क्रेटमध्ये जाऊन पडला. उघडायला काहीच लागत नाही. मिटायला मात्र सगळी संध्याकाळ गेली. मी एक कड दाबली की दुसरी वर. ज्ञानेश म्हणाले, "तुझ्या माहेरच्यांसारखा आहे. एकाला बसवावं तर दुसरा उठतो."

फोनवर लेकीनं बजावलं, "आई, तंबू म्हणू नकोस. हाइड म्हण. तंबूत बसायला पुण्याहून कोण येईल?"

बेत असा आहे. सासूबाईंच्या माहेराकडून आलेली इंदापूरकडची जमीन नुसती पडून आहे. मुरूम आणि कुसळी गवत, पाणी नाही. कन्हेरीतल्या आमच्या भाजीच्या रानाशी तिचं काही नातं असेल असं वाटत नाही. पण तिच्या शेजारी वनखात्याचं माळरान आहे, आणि तिथं चिंकारा, कोल्हे आणि लांडगे आहेत. आपल्या हद्दीत उथळ पाणवठा करायचा, समोर हाइड लावायची, फोटोवाल्यांना आत बसवायचं. सासूबाई सांगायच्या, पूर्वी याच माळावर लोक बंदुका घेऊन झुडपाआड दबा धरायचे. दबा तोच, हातात कॅमेरा.

एक गोष्ट मी पक्की ठरवली आहे. आमिष टाकायचं नाही. कोंबड्या टाकून लांडगे बोलावणारे लोक आहेत म्हणे. आपण नुसतं पाणी ठेवायचं.

संस्कृती नोकरीला गेल्यापासून मला हातात काहीतरी हवं होतं. भाजीचा व्याप ज्ञानेशांना पुरतो, मला पुरत नाही. हे त्यांना सांगायला मी किती दिवस घाबरत होते. शेवटी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते पाणवठ्याचं सिमेंट घेऊन आले.

२३ फेब्रुवारी

पहिल्यांदा हाइडमध्ये बसलो. शिकलेल्या गोष्टी लिहून ठेवते.

समोरची आणि मागची खिडकी एकदम उघडायची नाही. मागून उजेड येतो आणि आपली सावली पडद्यावरच्या चित्रासारखी दिसते. आत काळे कपडे घालावेत. मी पिवळी साडी नेसले होते, चिंकारा दुरूनच उडाला. वारा सुटला की कापड फडफडतं, दोऱ्या ताणून बांधाव्यात. दहा वाजल्यानंतर आत भाजून निघायला होतं.

फायदाही आहे. आपण कशीही मान हलवली तरी बाहेर कळत नाही. झुडपाआड बसलं तर नाकावरची माशीसुद्धा हाकलता येत नाही. वारा फिरला तर हाइड उचलून दुसरीकडे लावता येते. आणि पखुर्डी पक्ष्यांचा थवा इतक्या जवळ पाण्यावर उतरला की त्यांच्या पंखांचा वारा खिडकीतून आत आला.

तोटा असा, की आपल्याला फक्त समोरचं दिसतं. पाठीमागे काय चाललंय ते कळतच नाही.

ज्ञानेशांना कशातच रस नव्हता. अर्धा वेळ झोपले, अर्धा वेळ भडंग खाल्लं. मी म्हटलं, उद्यापासून मी एकटी येते. म्हणाले, "नको, रस्ता खराब आहे." रस्ता चांगला डांबरी आहे.

५ मार्च

लांडगी दिसली. लांबच्या ताशीवर, त्या उघड्या खडकाळ उंचवट्यावर, उभी राहिली, हाइडकडे बघितलं, वास घेतला आणि निघून गेली. तीन दिवस हेच चाललंय. पाणी हवंय तिला. पोट खपाटीला गेलंय, आचळं ओघळलेली आहेत, म्हणजे पिल्लं असणार. पण आमची हाइड तिला पटत नाही. नव्या प्लास्टिकचा वास मलाच येतो, तिला किती येत असेल.

आज खालच्या पट्टीत मेंढरं बसली. दरवर्षी पावसाआधी गेणबाआबांचा कळप आपल्या जमिनीत बसतो. लेंडीचं खत होतं, त्यांना जागा मिळते. सासूबाईंच्या वडिलांपासूनचा रिवाज. आबांचं वय झालंय, आता कळपाचं सगळं त्यांची सून सारजा बघते. तिच्या कडेला लहान मुलगी. चार काठ्यांवर जाड कापड टाकून केलेलं पाल, त्यात तिचा संसार आणि दूधपिती कोकरं. मोठी मेंढरं दिवसभर चरायला जातात, कोकरं पालात राहतात.

सारजा हाइड बघायला आली. आत वाकून बघितलं, स्टुलावर बसली, खिडकीतून बाहेर बघितलं.

"वैनी, बंगला सोडून पालात ऱ्हायला आलाय व्हय?"

"लांडगी बघायला."

"अगं बया. आमी ती दिसू ने म्हनून देवाला हात जोडतो."

९ मार्च

सारजाकडून तिच्या पालाचं जुनं कापड आणलं. तिला बदल्यात नवी ताडपत्री दिली. ती खूश, मी तिच्याहून खूश. कापडाला धूर, लोकर, दूध, मेंढरं, सगळ्याचा मिळून एक वास आहे. या माळाचाच वास. ते हाइडवर पांघरलं. आता प्लास्टिक दिसत नाही आणि वासही येत नाही. कल्पना माझी एकटीची. संस्कृतीला फोटो पाठवला तर म्हणाली, "आई, तू जीनियस आहेस."

गेणबाआबा काठी टेकत आले. बराच वेळ बघत राहिले.

"सूनबाई, लांडगा यावा म्हनून पाल घातलं?"

"हो आबा. ओळखीचा वास आला की बुजणार नाही."

"पालाला लांडगा येत न्हाय कवा. पालात मानूस असतंय, मानसाकडं धोंडा असतोय. त्येच्या आजीनं त्येला सांगितलेलं असतंय."

मी म्हटलं, "येईल आबा हळूहळू. आपण धोंडा मारला नाही तर येईल."

ते हसले नाहीत. "व्हय. न्हाय मारला तर यील," म्हणाले आणि गेले. वय झालं की माणूस नव्या गोष्टीला नाहीच म्हणतो.

२१ मार्च

आली. पाणी प्यायली. मागे दोन पिल्लं.

आज दुसरं काही लिहीत नाही.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी उभारली आणि लगेच माळावर निघालो, कारण पहिले पाहुणे होते. शंभूराज म्हणून पुण्याचा मुलगा आहे, कंपनीत नोकरी करतो, बोलायला गोड. त्याला मी आधीच नियम सांगितले: काळे कपडे, फोन बंद, अत्तर नको, मधेच बाहेर यायचं नाही. लांडगी पिल्लांसह आली, पाण्याशी बसली, पिल्लू तिच्या शेपटीशी खेळलं. शंभूराज बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "काकू, मी जीपमधून शंभर वेळा लांडगे पाहिलेत. ते नेहमी माझ्याकडे बघत असतात. आज पहिल्यांदा ते एकमेकांकडे बघताना दिसले."

हाइडचा फायदा याहून चांगला कुणी सांगणार नाही. आपण नसतो. आपण नसल्यावर जग कसं असतं ते दिसतं.

त्यानं मे महिन्यासाठी त्याच्या सगळ्या ग्रुपचं नाव घातलं.

१२ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

पाहुणे नव्हते, आम्ही दोघंच. लांडगी पाणी पिऊन झाल्यावर गेली नाही. सरळ हाइडकडे आली. खिडकीतून आधी तिचा चेहरा दिसत होता, मग नुसता खांदा, मग काहीच नाही. ती कापडाला लागून उभी होती. कापड आत दबलं, तिच्या नाकाएवढं. माझ्या गुडघ्याशेजारी. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिला आमचा वास येत होताच, न येईल कसा? तरी ती थांबली. तिथंच, आमच्या सावलीत, अंग टाकून बसली. पिल्लं दोरी चावत होती.

म्हणजे तिला कळलंय, आत माणसं आहेत आणि ती माणसं काही करत नाहीत. इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकल्याचं मला आठवत नाही. संस्कृती तापात अशीच अंगाला चिकटून झोपायची.

ज्ञानेशांनी माझा हात धरून ठेवला होता. घाबरले असावेत. लांडगी गेल्यावरही सोडला नाही, म्हणजे बरेच घाबरले असावेत.

१९ एप्रिल

सारजाचं कोकरू गेलं. भरदुपारी, पालातून. ती जवळच्या वस्तीवरच्या आडाला पाण्याला गेली होती, आबा झाडाखाली डोळा लागून. कुत्रा कळपाबरोबर लांब होता. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेला, लांडगाच म्हणाला.

मी सारजाजवळ बसून आले. उन्हाळा कडक आहे, ससे कमी झालेत, दुसरं काय खाणार बिचारी, असं मी म्हणाले. सारजा म्हणाली, "उनाळा दरसाली आसतो की वैनी."

२३ एप्रिल

पुन्हा आली. या वेळी सारजा पालाच्या तोंडाशीच होती, भाकरी थापत. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझ्याकडून त्यात काही घातलं जाणार नाही.

"पाठीमागनं कापड हाललं. म्या म्हनलं कोकरू आसंल. वळून बघती तर ती आत. झोळीखालनं आली. झोळीत माजी पोर झोपल्याली. म्या वरडली, तर ती नुस्ती बघती. काठवट मारली फेकून, तवा बी जागची हालंना. वैनी, मला भ्याली न्हाय ती. लांडगा मानसाला भ्यातो, ह्ये आपलं ठरल्यालं हाय. ती तर वळखीच्या घरात आल्यावानी उभी हुती."

कोकरू घेऊन शांतपणे गेली म्हणे. पोरीला काही झालं नाही. पोर माझ्या मांडीवर खेळत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

वस्तीवरची माणसं जमली होती. मेलेल्या कोकरात औषध घालून माळावर ठेवायचं, असं बोलणं चाललं होतं. माझ्यासमोर चाललं होतं, कुणी लपवत नव्हतं. त्यांचं चुकतंय असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. गेणबाआबा म्हणाले, "मी थोपवतो. पर तिसऱ्यांदा पालात आली तर मला कुनी इचारू नका."

परतताना गाडीत ज्ञानेश एकदाच बोलले. "संजीवनी, ओळखीच्या घरात म्हणाली ना ती?"

त्यांना कधीचंच कळलं असावं. मला आज कळलं.

२४ एप्रिल

हाइडमध्ये एकटी बसले. आत बसून त्या कापडावरून हात फिरवला. धूर, लोकर, दूध. मी ते ओळखीचा वास म्हणून आणलं होतं. लांडगीच्या लेखी तो भीतीचा वास होता. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरात चालत आलेली भीती, आणि त्या भीतीच्या आडोशाला सारजाची पोर झोळीत झोपत होती. मी दीड महिना या कापडामागे मुकाट बसून तिला शिकवलं, की पालात माणूस असला तरी काही होत नाही. आमिष टाकायचं नाही म्हणून मी मिरवत होते. मी टाकलं ते आमिषाहून वाईट होतं.

दुपारी संस्कृतीला फोन केला. ती म्हणाली, हाइड काढून टाक, संपलं. पण हाइड काढल्यानं ती शिकलेली गोष्ट विसरणार नाही. उद्या पाणी नसेल, पाल मात्र असेलच.

गेणबाआबांना विचारलं, काय करू? ते काठीनं मातीत रेघा ओढत म्हणाले, "ज्येनं शिकवलं त्येनंच मोडायचं आसतंय. आमी धोंडं मारलं तर आमाला भ्यायल. कापडाला न्हाय."

२६ एप्रिल

उजाडायच्या आधी ज्ञानेशांनी मला हाइडपाशी सोडलं. आत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. दोघांचा आवाज आला तर तिला वाटेल, पुष्कळ माणसं जमली तरच घाबरायचं. एकट्या बाईला, पालातून निघालेल्या बाईला ती घाबरायला हवी. ते गाडी घेऊन बाभळीपर्यंत मागे गेले.

ओच्यात धोंडे, हातात थाळी आणि लाटणं. कॅमेरा घरीच ठेवला होता.

ती सूर्य वर आल्यावर आली. पिल्लं पुढे, ती मागे. आता ती थांबून वासही घेत नाही. पिल्लं पाण्यात पाय घालून उभी राहिली, ती प्यायला वाकली. मला वाटलं, एकदा पोटभर पिऊन होऊ दे. मग वाटलं, नाही, हीच वेळ. पोटभर पिऊन झाल्यावर घाबरवलं तर पाणी गोडच राहील.

कापड बाजूला सारून बाहेर पडले. थाळी बडवली, ओरडले. तिनं मान वर केली. तोंडातून पाणी गळत होतं. ती पळाली नाही. एक पिल्लू तर माझ्याकडेच यायला लागलं, शेपटी हलवत. मी इतकी वर्षं जिथं जिथं ओरडले असेन तिथं कुणीतरी दचकलं होतं. इथं कुणी दचकेना.

पहिला धोंडा पाण्यात पडला. दुसरा तिच्या बरगडीवर लागला. आवाज झाला, घोंगडी झटकल्यासारखा. तिच्या तोंडून बारीक स्वर निघाला, कुत्र्याच्या पिल्लाचा निघतो तसा, आणि ती वळली. पिल्लांना पुढे घालून पळाली. मी मागे धावले. ताशीवर ती एकदा थांबून मागे बघत होती, तेव्हा मी पुन्हा धोंडा उचलला. बघत होती ना, म्हणून उचलला.

ज्ञानेश पळत आले. मी खाली बसले होते. ते माझ्या शेजारी मातीत बसले आणि माझ्या मुठीतले धोंडे एकेक करून काढून घेतले. "लागलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, बरगडीत." ते म्हणाले, "तुला विचारतोय."

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. घरी आमरस करायचा होता, केला नाही.

एकदा घाबरवून पुरत नाही. परवा ती पुन्हा आली, पिल्लं न घेता. पाण्यापासून लांब उभी राहून कापडाकडे बघत होती. बहुतेक त्या दिवशी काहीतरी चुकून झालं, असं तिला वाटलं असेल. मी तिची चूक दुरुस्त केली. आज तर तिनं ताशीवरूनच बघितलं, आणि मी बाहेर पडायच्या आत गेली.

पाणी वाया जात नाही. तिच्यामागून एक चिंकारा येऊन पिऊन गेला.

शंभूराजचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं आधी पिल्लांचं विचारलं. मग म्हणाला, "काकू, कापड काढून नुसती हाइड ठेवली तर? आम्ही लांबून काढू फोटो." मुलगा वाईट नाही. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, "निदान त्या धोंडे मारण्याचा व्हिडिओ आहे का?" मी फोन ठेवला.

७ मे

हाइड काढून पिशवीत भरली. कापड सारजाला परत नेऊन दिलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की वैनी तुमाला." मी म्हटलं, तूच लाव, पालाच्या मागच्या बाजूला, जिथून ती आत शिरली होती तिथं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच ते बांधायला घेतलं.

वस्तीवर आता औषधाचं नाव निघत नाही. निघत नाही म्हणजे विसरले असं नाही. वाट बघतात.

ज्ञानेश अजून रोज माझ्याबरोबर माळावर येतात. त्यांना म्हटलं, आता पाहुणे नाहीत, लांडगी नाही, तुम्ही कशाला हेलपाटा घालता? म्हणाले, "पाणवठ्यात पाणी सोडायचं असतं." पाणी टँकरवाला सोडतो.

१७ मे

आभाळ येतंय. मेंढरं दोन दिवसांत हलणार. आज सारजाला भेटायला गेले. ती काठ्या मोजून बांधत होती, पोर मातीत बसून लेंड्या गोळा करत होती. मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "काल आल्ती. दिस मावळायच्या येळंला."

मी विचारलं, "आत?"

"न्हाय. त्या बांधापतुर आली. पाल बघितलं, आन् तितनंच वळली. कुत्रं भुकलं बी न्हाय आजून, तवर ही पार. लय लांबनं गेली वळसा घालून. आबांनी बघितलं, साऱ्या वस्तीनं बघितलं."

"पिल्लं होती?"

"दोन. मागनं पळत हुती."

मी विचारलं, "कशी होती गं? बरगडीत दुखत असल्यासारखी चालत होती का? बारीक झालीय का?"

सारजानं दोरीची गाठ दातांनी आवळली. मग त्या बांधाकडे बघत म्हणाली, "एवढ्या लांबनं काय दिसतंय वैनी? लांडग्यावानी दिसली."